आधी पेटी, मग गाडी

१

पिवळी पेटी उघडली तेव्हा तिच्यात औषधच नव्हतं.

कापूस होता, सिरिंज होत्या, स्पिरिटची बाटली होती. पण मधल्या फोममध्ये ॲड्रिनलिनच्या काचेच्या कुप्यांसाठी जे तीन कप्पे कोरलेले होते, ते तिन्ही रिकामे होते. आणि माझी पाच वर्षांची अमिषा माझ्या मांडीवर खाकरत होती. तिच्या गळ्यावर लाल गांध्या उठत होत्या. "आई" म्हणताना आवाज असा येत होता, की माझ्या पोरीच्या आत दुसरंच कुणीतरी बोलतंय.

हे झालं चौलला, डॉक्टर अजेय बापटांच्या वाडीतल्या दवाखान्यात. रविवार होता, आणि ओट्यावर पेशंट दाटीवाटीने बसले होते.

बापट डॉक्टरांना तुम्ही पाहिलं असेल. दर शनिवारी सकाळी टीव्हीवर 'खाज, शिंक आणि आपण' हा कार्यक्रम लागतो, त्यातले ते. चौलच्याच सुपारीच्या बागेत वाढलेला मुलगा मुंबईला शिकला, परदेशात जाऊन ॲलर्जीचा तज्ज्ञ झाला आणि परत आला. आठवडाभर ठाण्याला प्रॅक्टिस, रविवारी गावात. आमच्या किनार्‍यावर ॲलर्जीसाठी दुसरं कुणी नाही. टीव्हीवर ते ती पिवळी पेटी हातात धरून सांगतात, की झटका आला तर ॲड्रिनलिन मांडीत टोचा आणि मगच हॉस्पिटलकडे पळा. "आधी पेटी, मग गाडी!" हे वाक्य आता शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात. रेवदंड्याच्या बाजारात पिवळ्या पेट्या मिळायला लागल्या, त्या त्यांच्यामुळे.

अमिषाला घरातल्या धुळीची ॲलर्जी आहे. रात्र रात्र छाती वाजायची. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी लसीचे डोस सुरू केले आणि माझं मूल झोपायला लागलं. त्या माणसाच्या फोटोला मी हार घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

त्या रविवारी दंडात सुई गेली, तेव्हा डॉक्टरांच्या अंगठ्याला बँडएड दिसली. मला सगळ्यांचं सगळं दिसतं. परेश, माझा नवरा, म्हणतो की तुला घारीचे डोळे आहेत.

"काय लागलं, सर?" मी विचारलं.

"शहाळं सोलत होतो. मुंबईत राहून हात गेला माझा," ते हसले.

सुईनंतर थोडा वेळ ओट्यावर थांबायचं असतं. अमिषा खारीसारखी उड्या मारत होती, ती एकदम थांबली. खोकली. गळा खाजवला. मी ओरडले. डॉक्टर बाहेर धावत आले, त्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि दाराकडे वळून बायकोला हाक मारली, "क्षिप्रा! गाडीची चावी!"

कमळताई तोवर आत पळाली होती. कमळताई म्हणजे दवाखान्याची नर्स, पहिल्या दिवसापासूनची. तिने कपाटातून पेटी आणली, गुडघ्यावर ठेवून उघडली आणि तशीच बसून राहिली.

"मी भरल्या व्हत्या," ती म्हणाली. "सर, मी भरल्या व्हत्या."

डॉक्टरांनी ट्रेमधलं दुसरं इंजेक्शन दिलं. पण ते हळू चढतं, हे टीव्हीवर त्यांनीच शिकवलेलं. मग गाडी, नागावचा अरुंद रस्ता, समोर पर्यटकांच्या गाड्यांची रांग, आणि मागच्या सीटवर मी. मला काहीच करता येत नव्हतं. मी फक्त तिच्या ओठांचा रंग बघत होते. तो बदलत होता.

अलिबागला पोचताच तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मांडीत ॲड्रिनलिन टोचलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर पोर परत आली. तिने पाणी मागितलं.

बाहेरच्या बाकावर डॉक्टर बापट माझ्या शेजारी येऊन बसले. शर्ट घामाने भिजला होता.

"मृणाली," ते हळू म्हणाले, "माझ्या पेटीला कुणीतरी हात लावलाय."

२

पुढच्या शनिवारी टीव्हीवर त्यांनी हेच सांगितलं. नाव घेतलं नाही. "दवाखान्यातल्या एका विश्वासातल्या व्यक्तीने औषध लंपास केलं. पोलिसांत देऊ शकलो असतो. पण इतक्या वर्षांची सोबत, मी माफ केलं." डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं की काय, मला ठरवता आलं नाही.

नाव घ्यायची गरजच नव्हती. त्या दवाखान्यात नर्स एकच. दुपारपर्यंत कमळताई सगळ्या किनार्‍यावर चोर झाली होती, आणि डॉक्टर देवमाणूस.

"बरं झालं, काढून टाकली," परेश म्हणाला. तो उरणला ट्रान्सपोर्टमध्ये आहे, शनिवार-रविवार घरी असतो.

"तिने कशाला चोरावं? ते काय दारूत घालून पितात?"

"विकलं असेल."

"दोन वर्षं प्रत्येक सुईला तिने अमिषाला स्वतःच्या मांडीवर धरलंय, परेश."

"मग काय म्हणणं आहे तुझं? भूत आलं?"

माझं म्हणणं साधं होतं. पुढचा डोस उद्याचा रविवार सोडून त्यापुढच्या रविवारी होता. डॉक्टरांनी फोन करून सांगितलं होतं की या वेळी मात्रा अगदी कमी करू, घाबरू नका, पण खंड पडला तर दोन वर्षांची मेहनत वाया. मुंबईच्या डॉक्टरांकडे विचारलं, तर ते म्हणाले की आमच्याकडे आलात तर तपासण्यांपासून पुन्हा सुरू. आणि दर खेपेला तिला धुळीच्या रस्त्याने मुंबईला न्यायचं म्हणजे औषधाआधीच छाती भरणार, तो अनुभव आम्ही घेतलेला. म्हणजे त्या ओट्यावर जाणं भाग होतं. तिथे पेटी कुणी रिकामी केली हे कळल्याशिवाय मी पोरीचा दंड कुणापुढे करायचा?

मी अमिषाला सासूबाईंकडे ठेवलं आणि कमळताईकडे गेले.

खाडीपलीकडे मिठागरांच्या कडेला तिचं घर. ओटीवर शेजारणी बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या, पण गेल्या नाहीत. एक म्हणालीच, "आली बघ, पोरीची आई. आता मारतंय ती तुला."

"मारू दे," कमळताई आतून म्हणाली. "ये बाय, बस. पोर कशी हाय?"

मी रडायलाच लागले. तिच्यावर संशय घ्यायला आलेली मी, आणि तिनेच मला पाणी दिलं.

"कमळताई, मला सगळं सांगा. कुप्या कधी भरल्या?"

"शनवारी दुपारी. दर शनवारी पेटी बघते. मुदत सरलेल्या फेकल्या, नव्या तीन घातल्या. कपाटाला कुलूप लावलं नि गेले हळदीला. माझ्या नणंदेच्या पोरीची हळद व्हती. अख्खा गाव तिथं नाचत व्हता, पहाट झाली. मी तिथनंच आंघोळ करून दवाखान्यात आले. डोळं असं लाल. म्हणून तर म्हणतात, बाई प्यायली व्हती."

"प्यायला होतात?"

"न्हाय गं! नाचले व्हते," ती म्हणाली आणि त्या अवस्थेतही आम्हा दोघींना हसू आलं.

"चावी?"

"एक माझ्या कमरेला. दुसरी सरांच्या घरात, खिळ्याला."

"शनिवारी दवाखान्यात कोण होतं?"

"टीव्हीवाले आले व्हते, मी निघतानाच. पेटी कशी वापरायची त्याचं शूटिंग. पण त्यांची पेटी येगळी, त्यांनी मुंबईवरनं आणलेली. तिच्यात प्लास्टिकच्या कुप्या, पाण्याच्या. मी बघितली ना."

"आणि रविवारी सकाळी कपाट?"

"बंद. कुलूप जसंच्या तसं. पेटी आत जागेवर. मीच भरलेली, मग परत कशाला उघडू?" ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "एक सांगू? मी सरांना सांगाया गेले, तर सर म्हणाले गप बस. पेटीची कडी मी न्हेमी माझ्याकडं करून ठेवते, घाईत धरायला बरी. त्या दिशी धावत जाऊन हात घातला, तर कडी भिंतीकडं व्हती."

३

म्हणजे पेटी कपाटातून बाहेर निघाली होती आणि पुन्हा आत गेली होती. कुलूप न तोडता. कमळताई खोटं बोलत नसेल, तर ते काम खिळ्यावरच्या चावीने झालं. ती चावी घेऊ शकणारी माणसं तीन. डॉक्टर, क्षिप्रा मॅडम, आणि त्या दिवशी घरात वावरणारी टीव्हीची मंडळी.

पण चोरलं असेल, तर कशासाठी? आमच्याकडे ॲड्रिनलिन ठेवतो तो एकच दुकानदार, सदू मेडिकलवाला. कुणी परत विकायला आलं असेल तर त्यालाच ठाऊक.

सदू काउंटरमागे शेंगदाणे खात होता. माझ्याबरोबर अमिषा होती, तिला बघून त्याने शेंगदाण्याची पुडी घाबरून खाली लपवली.

"अहो सदूभाऊ, तिला शेंगदाण्याचं काही नाही. धुळीचं आहे."

"मला काय माहीत वहिनी! टीव्हीवर बघितल्यापासून मला सगळ्यालाच भीती वाटते. परवा मला आंबा खाऊन शिंक आली, मी बायकोला म्हटलं गाडी काढ." तो हसला. मग त्याने माझ्या चेहर्‍याकडे पाहिलं. "कमळताईसाठी आलाय ना? सगळं गाव येऊन विचारून गेलं. नाही हो. कुणी विकायला आलं नाही. आणि कमळताई विकणार? माझ्याकडून घेताना ती कुप्या उजेडात धरून बघते."

"रविवारी सकाळी तुमचं दुकान उघडं होतं?"

"कसं असेल? हळद होती ना. मी डीजेच्या समोर होतो. पहाटे येऊन आडवा झालो, तो दुपारी उठलो. आणि उठून बघतो तर मोबाइलवर हे एवढे मिस्ड कॉल." त्याने हात पसरून दाखवले, मासळीचं माप दाखवतात तसे. "मला वाटलं कुणी गेलं."

"कुणाचे कॉल?"

"क्षिप्रा मॅडमचे. एकामागून एक. सकाळी सकाळी. दवाखाना उघडायच्याही आधीपासून."

"तुम्ही परत फोन केलात?"

"केला की. म्हणाल्या, आता नको, राहू दे. मला वाटलं मास्क-बिस्क हवे असतील."

तो पुन्हा शेंगदाणे चघळायला लागला. मी तिथेच उभी राहिले. अमिषा माझा पदर ओढत होती, आई चल, आई चल.

अमिषाला झटका आला तो दवाखाना उघडल्यावर. पेटी रिकामी आहे हे सगळ्यांना कळलं ते त्यानंतर. मग दवाखाना उघडायच्याही आधी डॉक्टरांची बायको औषधाच्या दुकानात जिवाच्या आकांताने फोन का करत होती?

४

क्षिप्रा मॅडम फोन उचलत नव्हत्या. आणि दोन दिवसांनी आमच्याच दारात टीव्हीची गाडी उभी राहिली.

चॅनेलचा पियूष. केस मागे बांधलेले, पायांत फ्लोटर्स, बोलण्यात निम्मं हिंदी. त्याला अमिषा हवी होती. "ताई, एकदम इमोशनल एपिसोड आहे. चोरी झाली, तरी डॉक्टरने डोकं शांत ठेवलं, गाडी पळवली, बच्ची वाचली. तुम्ही फक्त थँक्यू म्हणायचं. दोन मिनिटं, बस."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा टाकला. कारण मलाही त्याच्याकडून काहीतरी हवं होतं.

पेटीच्या त्या शूटिंगचा भाग नुकताच लागून गेला होता. मी मोबाइलवर तो इतक्या वेळा बघितला होता, की सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरच्या प्रेमात पडलीस की काय. त्यात डॉक्टर सुपारीच्या झाडाखाली बसून कुपी हातात धरतात, तिची मान अंगठ्याने मोडतात, कट् असा आवाज येतो, आणि ते म्हणतात, बघा, किती सोपं आहे. भागाच्या सुरुवातीला त्यांच्या अंगठ्याला काही नव्हतं. मोडून झाल्यावर पुढच्या दृश्यात अंगठा मुठीत होता. शेवटच्या नमस्कारालाही मुठीतच.

"पियूष, तो आवाज तुम्ही नंतर घातलात का?" मी चहा देताना विचारलं.

"कुठला?"

"कुपी मोडल्याचा. कट्."

तो खूश झाला. कामाचं कौतुक केल्यावर माणसं होतात तसा. "नाही ताई! ओरिजिनल आहे. आपण काय नेलं होतं, प्लास्टिकवालं. ते पिरगाळायचं असतं, आवाजच नाही येत. मजा नाही येत. मी बोललो, सर, साउंड नंतर टाकतो. तर सर भडकले. बोलले, माझ्या प्रोग्राममध्ये मी आजवर खोटं दाखवलेलं नाही, लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. आत गेले, खरी पेटी घेऊन आले. खरी काच फोडली. ग्रेट माणूस हं."

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली.

"एकाच वेळी झालं ते?"

"कुठे! पहिल्या टेकला कोंबडा आरवला. दुसर्‍याला मागून एसटीने हॉर्न दिला. तिसर्‍याला जाऊन ओके. त्यात सरांचा अंगठा कापला, रक्त आलं, तरी लाइन पूर्ण केली. प्रोफेशनल." त्याने चहाचा घोट घेतला. "मस्त झालाय चहा. मग बच्चीला कधी बसवू?"

त्याला खरंच काही समजलं नव्हतं. त्याच्यासाठी ते तीन टेक होते.

मी दार धरून उभी राहिले. चोर सापडला होता आणि चोरी झालीच नव्हती. तीन कुप्या फुटल्या होत्या, तिसरी तर सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर, आणि आम्ही सगळ्यांनी ते चहा पिता पिता बघितलं होतं. पण मला अजून एक गोष्ट कळायची होती, आणि ती मला पियूष सांगू शकत नव्हता. डॉक्टर विसरले होते, की त्यांना माहीत होतं?

त्या रात्री मी उशीवर डोकं टेकलं आणि ओट्यावरचा तो क्षण मनात पुन्हा चालवला. डॉक्टर बाहेर येतात. गळ्याकडे बघतात. दाराकडे वळतात.

मी उठून बसले.

५

रविवारी परेश म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, तू अमिषाला घेऊन ओट्यावर बस, मी आधी एकटी आत जाते.

आत डॉक्टर होते आणि क्षिप्रा मॅडम. कमळताईच्या जागी एक नवीन मुलगी होती, नुकतीच शिकून आलेली. डॉक्टरांनी तिला बाहेर पाठवलं. माझा चेहरा त्यांना कळला असावा.

"बोला, मृणाली."

"सर, टीव्हीवर तुम्ही काय शिकवता? झटका आला तर आधी काय?"

ते हसले. "तुम्हीच सांगा, पाठ आहे तुम्हाला."

"आधी पेटी, मग गाडी. वर्षानुवर्षं तुम्ही हेच सांगताय. झोपेतून उठवलं तरी तुमच्या तोंडून तेच येईल. पण त्या दिवशी अमिषाचा गळा बघून तुम्ही पेटी मागितलीच नाही. तुम्ही गाडीची चावी मागितली. पेटी आणायला कमळताई आपणहून धावली, कारण ती भरलेली आहे असं तिला वाटत होतं. तुम्हाला तसं वाटत नव्हतं."

मी कपाटाकडे बोट दाखवलं.

"शनिवारी खिळ्यावरची चावी घेऊन तुम्ही पेटी बाहेर काढलीत. तीन टेक, तीन कुप्या. तिसरीला अंगठा कापला. पेटी परत ठेवताना कडी भिंतीकडे गेली. सकाळी मॅडमनी सदूभाऊंना फोन लावले, ते हळदीहून येऊन झोपले होते. नवीन कुप्या मिळाल्या नाहीत. तरी तुम्ही दवाखाना उघडलात. आणि माझ्या पोरीला सुई दिलीत."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते खुर्चीत थोडे खाली सरकले, बस.

"मी सांगितलं होतं तुला," क्षिप्रा मॅडम भिंतीकडे बघत म्हणाल्या. "आजचा दिवस बंद ठेव म्हटलं होतं, अजेय."

"बाहेर माणसं बसली होती!" ते तिच्यावर ओरडले, मग आवाज खाली आणला. "मुरुडहून, दिवेआगरहून, पहाटेची एसटी धरून आलेली. परत पाठवू? मृणाली, इतक्या वर्षांत ती पेटी एकदाही उघडायला लागली नव्हती. एकदाही. मला वाटलं, एक सकाळ... दुपारी अलिबागहून मागवणारच होतो."

"आणि कमळताई?"

त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"त्या बाकावर तुमच्या शेजारी बसलो होतो ना, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात. काहीतरी बोलणं भाग होतं. तोंडून निघून गेलं. मग ते चॅनेलपर्यंत गेलं. मग परत फिरता येईना."

"आता फिरा. शनिवारी सांगा. तीन वाक्यं लागतील."

"सांगतो. आणि मग?" ते पुढे झुकले. त्यांचे डोळे पुन्हा तसे पाणावले होते आणि या वेळी मला वाटतं ते खरं होतं. "मग उद्या कुठल्याशा आईच्या हातात ती पेटी असेल, आणि ती म्हणेल, जाऊ दे, त्या बापटाचंच सगळं खोटं होतं. ती टोचणार नाही. मला पत्रं येतात, मृणाली, पेटीने मूल वाचलं म्हणून. त्यांचं काय करू? इथला दवाखाना बंद होईल. मी ठाण्यात जगेन हो. इथे कोण येईल दुसरं?"

मला उत्तरं सुचली, बरीच. पण त्यातलं एकही अमिषाच्या छातीपेक्षा मोठं नव्हतं.

"तिचा डोस आजच आहे," ते म्हणाले. धमकी नव्हती त्यात. खरंच नव्हती. डॉक्टर जसं सांगतात तसं सांगितलं. "तुम्ही म्हणाल ते. मुंबईला दुसर्‍या कुणाकडे जा, मी चिठ्ठी देतो. फक्त ते पुन्हा पहिल्यापासून करतील."

मी क्षिप्रा मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली.

६

आदल्या दिवशी मी कमळताईला सगळं सांगून आले होते. वाटलं होतं ती पेटून उठेल, माझ्याबरोबर येईल. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"मना वाटलंच व्हतं," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगू? टीव्हीला?" तिने सुपातला खडा काढून अंगणात टाकला. "त्यानी माफ केलंय मला, सगळ्या जगासमोर. आता मी तोंड उघडलं तर म्हणतील, बघा, उलटली."

"मी बोलते. मी साक्ष देते. आपण पोलिसांत जाऊ."

"नि पोरीची सुई?" ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाली. "उद्या हाय ना? ने तिला. खंड पाडू नको. माझ्या मांडीवर घेतल्यात तिनं इतक्या सुया, त्या काय पाण्यात घालतेस?" मग पुन्हा खडे शोधत, "सर हाताने चांगलं हायत गं. हात चांगला हाय त्यांचा."

मला वाटतं, ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून आता, दवाखान्यात, मी डॉक्टरांना म्हटलं, पेटी उघडा. त्यांनी उघडली. मी कुप्या एकेक उचलून उजेडात धरल्या. तीन होत्या, भरलेल्या. मी परेशला हाक मारली. अमिषा आत आली आणि तिने नेहमीप्रमाणे डोळे घट्ट मिटून दंड पुढे केला. मी तिचा दुसरा हात धरला. डॉक्टरांचा हात खरंच चांगला आहे, तिला कळलंही नाही.

नंतर ओट्यावर तिला मांडीवर घेऊन मी तिच्या गळ्याकडे बघत बसले. परेश गाडी सावलीत लावायला गेला होता. शेजारी एक तरुण बाई बसली होती, पहिल्यांदाच आलेली, नांदगावहून. तिच्या पदराखाली बाळ होतं, त्याचे गाल खाजवून सोलपटलेले.

"तुम्ही जुन्या आहात ना?" तिने विचारलं. "विश्वासाचे आहेत का हो डॉक्टर?"

माझ्या तोंडात सगळं आलं. कोंबडा, एसटी, कमळताई, सगळं. खिडकीच्या आत डॉक्टरांची पाठ दिसत होती.

"सुई द्यायच्या आधी," मी म्हणाले, "त्यांना पेटी उघडून दाखवायला सांगा."

ती हसली. मी काहीतरी भोळसट बोलले असं तिला वाटलं असावं. "अहो, पेटी तर ते टीव्हीवर अख्ख्या महाराष्ट्राला दाखवतात!"

आतून नव्या मुलीने तिचं नाव पुकारलं. ती उठली, बाळाला सावरून घेतलं आणि चपला काढल्या.

तिच्यामागे जावं, पदर धरून थांबवावं असं वाटलं. पण अमिषाची थांबायची वेळ अजून संपली नव्हती, आणि मला तिच्या गळ्यावरून नजर काढता येत नव्हती.